गाण्यातली हजेरी

महालक्ष्मीहून सात रस्त्याकडे येताना तिफेरेत इस्राएल हे बेने इस्रायल समाजाचे सिनेगॉग लागते. संस्था १८८६ सालची, म्हणजे आसपास गिरण्यांची धुराडी आणि चाळी उभ्या राहत होत्या त्या दिवसांतली. ज्यू पंचांगात थंडी सरता सरता एक शनिवार गीतांचा शनिवार म्हणून पाळतात. त्या दिवसाच्या वाचनात दोन गाणी नेमून दिलेली आहेत. एक निर्गम ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायातले, मिसरची फौज समुद्रात बुडाली तेव्हाचे. दुसरे शास्ते ग्रंथाच्या पाचव्या अध्यायातले, दबोरा नावाच्या स्त्रीचे. हाताने लिहिलेल्या गुंडाळीत पहिले गाणे लांबूनही ओळखू येते. बाकीचा मजकूर सलग चालतो. इथे ओळी तुटतात, मधे मोकळी जागा सुटते आणि पुढची ओळ त्या मोकळ्या जागेखाली येते. लेखनिकांनी ही मांडणी शतकानुशतके सांभाळली.

हे गाणे भोवतीच्या गद्याहून वेगळे आहे, हे परंपरा कधी विसरली नाही. ते गद्याहून बरेच जुने असावे, ही गेल्या दीड-दोन शतकांतल्या अभ्यासकांची भर. आणि एकदा ते जुने मानले की प्रश्न उभा राहतो: ज्या काळाबद्दल लेखी कागद जवळजवळ नाही, त्या काळाचा इतिहास गाण्यातून किती काढता येईल?

हा प्रश्न मराठी वाचकाला परका वाटू नये. गिरगाव, परळ, लालबाग या पट्ट्यात तो दोनदा उभा राहिला आहे. एकदा शिवकाळाच्या पोवाड्यांबाबत आणि एकदा खुद्द गिरणगावाच्या शाहिरांबाबत. पण आधी दबोरेचे गाणे नीट पाहायला हवे, कारण गाणे आणि गद्य शेजारी शेजारी ठेवून वाचायची रीत तिथे फार बारकाईने घडली.

प्राचीन इस्रायलच्या आरंभाबद्दल बायबलबाहेरचा पुरावा अगदी थोडा. मिसरचा राजा मेर्नेप्ताह याच्या विजयस्तंभावर, इसवी सनपूर्व १२०८च्या सुमारास, कनान प्रदेशातल्या पराभूतांमध्ये इस्रायल हे नाव येते. फ्लिंडर्स पेट्री यांना हा दगड १८९६ साली थीब्स इथे सापडला. त्यानंतर पुष्कळ काळ बाहेरचे कोणी काही बोलत नाही. बायबलमधले गद्य वृत्तान्त आजच्या रूपात आले ते कित्येक शतकांनी, राजे झाले, राज्ये फुटली, त्याच्याही नंतर. या मधल्या अंधारात चाचपडताना हाती लागतात ती चार-पाच गाणी. त्यांची भाषा गद्याच्या भाषेहून जुन्या वळणाची आहे. १९२९ साली सीरियाच्या किनाऱ्यावर उगारित नगरीचे उत्खनन सुरू झाले आणि इसवी सनपूर्व तेराव्या-चौदाव्या शतकातल्या कविता मातीच्या पाट्यांवर मिळाल्या, तेव्हा या हिब्रू गाण्यांची ठेवण त्या कवितांशी जुळते असे दिसले. विल्यम ऑलब्राइट आणि त्यांचे विद्यार्थी फ्रँक मूर क्रॉस व डेव्हिड नोएल फ्रीडमन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर त्यातून कालनिर्णयाचे शास्त्र उभे केले. सगळ्यांना ते पटले नाही. दबोरेचे गाणे इसवी सनपूर्व बाराव्या शतकातले म्हणणारे आहेत, तसे ते पुष्कळ नंतरचे मानणारेही आहेत. पण गाण्यात काय आहे हे कोणालाही उघडून पाहता येते.

प्रसंग एकच, सांगणारे दोन. चौथ्या अध्यायातले गद्य म्हणते की हासोरचा राजा याबीन याचा सेनापती सीसरा नऊशे लोखंडी रथ घेऊन आला. दबोरेच्या सांगण्यावरून बाराकाने जबुलून आणि नफताली या दोन वंशांतले दहा हजार लोक जमवले. सीसरा हरला, पायी पळाला, याएल नावाच्या बाईच्या तंबूत झोपला आणि तिने त्याच्या कानशिलात तंबूची मेख ठोकली. गोष्ट सुटसुटीत आहे. सेनापती आहे, आकडे आहेत, कारण आणि परिणाम आहेत.

पाचव्या अध्यायातल्या गाण्यात याबीनाचा पत्ता नाही. लढाई तानख इथे, मगिद्दोच्या पाण्याजवळ होते आणि किशोन नदी शत्रूला वाहून नेते. आणि मुख्य म्हणजे दोन वंशांऐवजी इथे लांबलचक हजेरी आहे. एफ्राईम आले, बन्यामीन आले, माखीरचे पुढारी आले, जबुलून, इस्साखार, नफताली आले. मग न आलेल्यांची नावे. रऊबेन मेंढवाड्यांत बसून मनातल्या मनात विचार करत राहिले. गिलाद नदीपलीकडेच थांबला. दान जहाजांपाशी राहिला, आशेर समुद्रकाठी. मेरोज नावाच्या गावाला तर सरळ शाप आहे.

ही यादी इतिहासकाराला सोन्यासारखी वाटते, कारण ती पुढच्या ठरीव यादीशी जुळत नाही. नंतरच्या परंपरेत इस्रायलचे वंश बारा. इथे दहाच नावे येतात. यहूदा नाही, शिमोन नाही, लेवी नाही. यहूदा म्हणजे ज्याच्या कुळात पुढे दाविद राजा झाला, ज्याच्या नावावरून सगळ्या ज्यू समाजाचे नाव पडले, तो वंश. त्याला आला म्हणून शाबासकी नाही आणि आला नाही म्हणून बोलही नाही. मनश्शेच्या जागी माखीर आहे, गादच्या जागी गिलाद. दाविदाच्या घराण्याची थोरवी सर्वमान्य झाल्यावर कोणी हे गाणे नव्याने रचले असते, तर त्याने यहूदाला असा वगळला नसता. म्हणून बऱ्याच अभ्यासकांना वाटते की इथे एका ढिल्या जुटीचे चित्र राहून गेले आहे: उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या टोळ्या, हाक आली तर येणाऱ्या, न आल्या तर शब्दांचा मार खाणाऱ्या, कोणा एका राजाच्या हुकमाखाली नसलेल्या.

गाण्याची दुसरी बाजूही आहे. १७५३ साली ऑक्सफर्डचे रॉबर्ट लोथ यांनी हिब्रू कवितेची रीत उलगडून दाखवली: एक गोष्ट पहिल्या अर्ध्या ओळीत सांगायची आणि तीच दुसऱ्या अर्ध्या ओळीत वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगायची. याएलचा एक हात मेखेकडे गेला, उजवा हात हातोड्याकडे, असे गाणे म्हणते. हा दोन हत्यारांचा वृत्तान्त आहे की एकाच घावाचे दुहेरी बोलणे? गाण्यात सीसरा तिच्या पायांपाशी कोसळतो, म्हणजे घाव बसला तेव्हा तो उभा असावा. गद्यात तो झोपलेला आहे, कारण हातोड्याने मेख ठोकायची तर माणूस आडवा हवा. बरूख हॅल्पर्न यांनी १९८८ साली मांडले की गद्य लिहिणाऱ्यापुढे हेच गाणे होते. त्याने ते इतिहासाचे साधन म्हणून वाचले आणि काव्याची रीत अक्षरशः घेऊन त्यातून घटनाक्रम बांधला. हॅल्पर्न यांचा हा लेखक लबाड नाही. तो प्रामाणिकपणे साधन वापरणारा आहे, फक्त साधनाची जात त्याने पुरती ओळखली नाही.

हिब्रू आणि मराठी यांची शास्त्रशुद्ध गाठ पडली ती गिरगावातच. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले. आज चौपाटीवर उभे असलेले विल्सन कॉलेज आपला उगम १८३२ सालच्या त्यांच्या शाळेत सांगते. बेने इस्रायल मुलांना हिब्रू शिकता यावे म्हणून त्याच वर्षी विल्सन यांनी हिब्रू व्याकरणाचे एक छोटे पुस्तक मराठीत काढले. त्यामागे धर्मप्रचाराचा हेतू होता, तो फारसा साधला नाही. हिब्रू मात्र रुजली. अलिबाग-पेणच्या बाजूने मुंबईत आलेल्या या समाजाकडे शनिवार होता, सुंता होती, 'शेमा' ही प्रार्थना होती. ग्रंथांची ओळख नव्याने झाली. पुढे जोसेफ इझिकिएल राजपूरकर मुंबई विद्यापीठाचे हिब्रू परीक्षक झाले आणि प्रार्थनेची पुस्तके त्यांनी मराठीत आणली. १८८०च्या सुमारास मुंबईच्या बेने इस्रायल मंडळींनी योसेफ, मोशे यांची चरित्रे घेऊन मराठी कीर्तने सुरू केली. साकी, दिंडी, अभंगाच्या चालींवर. इस्रायलची जुनी कथा पुन्हा एकदा गाण्यात शिरली ती अशी, मध्य मुंबईत आणि मराठीत.

त्याच दशकाच्या अखेरीस मुंबईतला एक इंग्रज अधिकारी पोवाडे गोळा करत होता. हॅरी आर्बथनॉट ॲक्वर्थ हे १८९० ते १८९५ मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर. वडाळ्याचे ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय त्यांच्या नावाचे; १८९० साली माटुंग्याच्या हद्दीत निराधार कुष्ठरुग्णांसाठी त्यांनी ते सुरू केले. दादर-माटुंग्याच्या माणसाला ॲक्वर्थ हे नाव तेवढ्यापुरते ठाऊक असते. पण शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर त्यांनी १८९१ साली 'इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे' हा संग्रह छापला, आणि १८९४ साली त्यातल्या निवडक पोवाड्यांचे इंग्रजी पद्यरूपांतर लंडनहून काढले. हे पोवाडे बहुतेक गोंधळ्यांच्या तोंडी होते. गोंधळी निरक्षर, संबळ-तुणतुण्यावर बापाकडून मुलाकडे आलेले गाणे. ऐकणारे घटत होते, गाणारे म्हातारे होत होते. काम दहा-वीस वर्षे उशिरा सुरू झाले असते तर किती उरले असते, हा विचार मनाला चटका लावतो.

हिब्रू परंपरेत असे संग्रह होते आणि ते गेले. गणना ग्रंथात 'परमेश्वराच्या युद्धांचा ग्रंथ' याचा उल्लेख येतो. यहोशवाच्या आणि दाविदाच्या कथेत 'याशारचा ग्रंथ' येतो. शौल आणि योनाथान यांच्या मृत्यूवरचा दाविदाचा विलाप त्यात लिहिला आहे, असे बायबलच सांगते. दोन्ही ग्रंथ नाहीसे झाले. गद्यवाल्यांनी उचललेले तुकडे तेवढे राहिले. मराठीचे नशीब त्या मानाने थोर. ॲक्वर्थ-शाळिग्राम यांच्यानंतर य. न. केळकर यांनी १९२८पासून 'ऐतिहासिक पोवाडे' खंडशः काढले, प्रत्येक पोवाड्याला ऐतिहासिक टीपा जोडल्या, आणि मुख्य म्हणजे पोवाडा व कागद एकमेकांशेजारी ठेवायची सवय मराठी वाचकाला लावली.

ती सवय लावून तुळशीदासाचा तानाजीवरचा पोवाडा वाचला की दबोरेच्या गाण्याचीच कसोटी इथे चालते, पण उलट्या बाजूने. कोंढाणा घेतला तो माघ वद्य नवमी, शके १५९१, म्हणजे ४ फेब्रुवारी १६७० रोजी. सभासदाने बखर लिहिली ती जिंजीला, १६९७च्या आसपास. घटना घडून तीसही वर्षे झाली नव्हती आणि सभासद शिवाजी महाराजांच्या दरबारात वावरलेला. त्याच्या वृत्तान्तात पाचशे माणसे आहेत, वानरासारखे कडा चढून गेलेले दोन मावळे आहेत, दोर आहे, उदेभान आणि तानाजी यांची झुंज आहे, दोघेही पडल्यावर फौज सावरणारा सूर्याजी आहे, पागेला आग लावून राजगडाला केलेली खूण आहे. घोरपड नाही. शेलारमामा नाही.

घोरपड पोवाड्यात आहे. लग्नाचे आमंत्रण घेऊन निघालेला तानाजी, नवरा मुलगा रायबा, उमरठ गाव, म्हातारा मामा, हे सगळे पोवाड्यात आहे. तुळशीदास तानाजीच्याच काळातला, असे परंपरा म्हणते; पोवाड्याचे आज हाती असलेले रूप मात्र गोंधळ्यांच्या कितीतरी पिढ्यांच्या तोंडून घासून आलेले आहे. हिब्रू गाणे एकदा गुंडाळीत बसले आणि जुनी व्याकरणरूपे तशीच गोठली. पोवाडा गाता गाता प्रत्येक पिढीची बोली अंगावर घेत गेला. त्यामुळे इथे भाषेवरून वय काढणे अवघड, आणि इथे गद्य गाण्याहून जुने असण्याचा संभव मोठा. गाणे आहे म्हणून ते आद्य साधन, असा नियम करता येत नाही.

गडाच्या नावाचेही तेच. तानाजीच्या मरणाने कोंढाण्याचा सिंहगड झाला, ही समजूत कादंबरी, नाटक आणि शाळेच्या धड्यांनी घट्ट केली. १६६३ सालच्या पत्रात सिंहगड हे नाव येते, म्हणजे तानाजी पडण्याच्या सात वर्षे आधी. ही गोष्ट अनेकांना बोचते. बोचायचे कारण नाही. तानाजीचे शौर्य पत्राने कमी होत नाही. पोवाडा, बखर आणि शकावली तिघेही तो पडला आणि गड घेऊन पडला हेच सांगतात. कमी होते ती फक्त एक सोयीची कथा.

मग पोवाडा इतिहासाला काय देतो? सभासद राज्याच्या बाजूने लिहितो: गड, फौज, खूण, नुकसान. पोवाडा घरात शिरतो. लग्नघर सोडून निघालेला बाप आणि त्याच्याबरोबर निघालेला मामा हा ज्या रयतेने गाणे ऐकले तिच्या ओळखीचा प्रसंग आहे. स्वराज्याची मोहीम गावात कशी आली, घरातल्या कार्यावर तिने कशी कुरघोडी केली आणि लोकांनी त्याचा अभिमान कसा धरला, हे दरबारी गद्यात सापडणार नाही. दबोरेच्या गाण्याचा शेवटही असाच एका घरात होतो: सीसराची आई खिडकीत उभी आहे आणि रथ का आले नाहीत म्हणून विचारते आहे. शत्रूच्या घरात डोकावणारी ही नजर चौथ्या अध्यायाच्या गद्याला सुचत नाही.

अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा तुळशीदासाच्या पोवाड्यापेक्षा घटनेच्या जवळचा मानला जातो. जिजाबाईंच्या सांगण्यावरून तो रचला, शाहिराला घोडा आणि सोन्याचा तोडा मिळाला, अशी परंपरा आहे. म्हणजे हे गाणे पहिल्या दिवसापासून ज्यांचा विजय त्यांच्या अंगणातले. त्याने त्याची किंमत जात नाही. ते कोणाच्या अंगणातले हे लक्षात ठेवून ते वाचायचे. खर्ड्याच्या लढाईवरचा, १७९५ सालचा अनंत फंदीचा पोवाडा आणखी उपयोगी पडतो, कारण तिथे कागदांचा ढीग आहे. शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन असे सगळे सरदार पेशव्यांच्या झेंड्याखाली एकत्र आले ती ही शेवटची मोठी वेळ, आणि शाहीर सरदार मोजत जातो. पुन्हा हजेरी! कागदाशी ताडून पाहिले की शाहिराची नावे पुष्कळदा बरोबर निघतात आणि फौजेचे आकडे फुगलेले निघतात. दबोरेचे चाळीस हजार आणि तिच्याच गद्याचे दहा हजार यांच्याकडे पाहतानाही हाच अनुभव हाताशी ठेवावा. माणसे आणि गावे गाण्यात टिकतात. संख्या गाण्याच्या ठेक्याबरोबर वाढत जातात.

एक प्रकार मात्र वेगळा, आणि त्याबाबत इतिहासकारांनी फार सावध राहायला हवे. जोतीराव फुले यांनी १८६९ साली शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला. त्यात महाराज कुळवाडीभूषण आहेत, शेतकऱ्यांचा राजा. १६५९ किंवा १६७० साली काय घडले याचे साधन म्हणून हा पोवाडा कोणी वापरणार नाही. पण १८६९ साली महाराष्ट्रात शिवाजी कोणाचा हा वाद कसा पेटू लागला होता, याचे त्याच्यासारखे साधन दुसरे नाही. प्रत्येक गाण्याला दोन काळ असतात, ज्याबद्दल गायले तो आणि जेव्हा गायले तो. दुसरा काळ गाणे हटकून सांगते, शाहिराच्या मनात असो वा नसो. निर्गमातल्या समुद्रगीतात थरथर कापणाऱ्या शेजाऱ्यांची नावे येतात आणि त्यांत पलिष्टी आहेत. पलिष्टी त्या किनाऱ्यावर येऊन वसले इसवी सनपूर्व बाराव्या शतकात, मोशेचा काळ सामान्यतः जिथे धरतात त्याच्या नंतर. एका नावाने गाण्याचे वय उघडे पडते.

हे दोन काळ मनात धरून आता गिरणगावाच्या शाहिरांकडे येऊ. अण्णाभाऊ साठे कोहिनूर मिलमध्ये काम केलेले, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात वावरलेले. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. त्यांचा स्टालिनग्राडचा पोवाडा व्होल्गेकाठच्या लढाईबद्दल रशियन इतिहासकाराला नवे काही सांगणार नाही. परळ-लालबागच्या इतिहासकाराला तो खूप सांगतो: पाळी संपवून मैदानात बसलेल्या विणकराला आणि साचेवाल्याला दूरच्या एका शहराचे नाव तोंडपाठ होते, ते आपल्या बाजूचे शहर आहे असे त्याला सांगितले जात होते, आणि तानाजीसाठी शतके वापरलेला डफ-तुणतुण्याचा ठेका त्या कामाला चालत होता. बंगालच्या दुष्काळावरचा त्यांचा पोवाडाही तसाच. अन्नाशिवाय मेलेल्या बंगाली माणसाची बातमी इथल्या चाळींत पोहोचवायला शाहिरी हेच वर्तमानपत्र होते.

'मुंबईची लावणी' या त्यांच्या रचनेत शहराची मोजणी आहे. मलबार हिलवर कोण राहते, परळात कोण राबते, रस्ते कोणते, वस्त्या कोणत्या. लालबाग-परळच्या गिरण्या पाडून मॉल आणि मनोरे झाले, तेव्हा या मोजणीचे मोल वाढले. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखती घेऊन मोठे पुस्तक २००४ साली प्रसिद्ध केले. त्या आठवणी १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपाच्या पलीकडून सांगितलेल्या आहेत. सगळे हरल्यावर सांगितलेली गोष्ट आणि हरणार हे ठाऊक नसताना गायलेले गाणे यांत फरक पडतोच. आठवणीत आधीचे दिवस उजळ होतात. गाण्यात त्या दिवसांचा राग ताजा असतो. दोन्ही लागतात, पण कोणते कधीचे हे समोर ठेवून.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हे सगळे आपल्या डोळ्यांदेखत घडले. २१ नोव्हेंबर १९५५ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. १६ जानेवारी १९५६ला मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि पुढच्या काही दिवसांत गिरगाव, ठाकुरद्वार, लालबाग, परळ या भागांत माणसे मारली गेली. हुतात्मे किती? सभांतल्या भाषणांत आणि शाहिरीत एकशे पाच हा आकडा बसला. पुढे एकशे सहा आला, एकशे सातही येतो. सत्तरेक वर्षांपूर्वीची गोष्ट, नावांच्या याद्या छापलेल्या, साक्षीदार अलीकडेपर्यंत हयात, आणि तरी तीन आकडे शेजारी शेजारी नांदतात. तीन हजार वर्षांपूर्वीच्या किशोन नदीकाठच्या संख्यांवर हुज्जत घालणाऱ्याने हुतात्मा चौकात एकदा उभे राहावे.

याच लढ्यातले अण्णाभाऊंचे 'माझी मैना गावावर राहिली' हे गाणे सगळ्यांना पाठ आहे. गावी राहिलेली बायको आणि मुंबईत पोटासाठी आलेला नवरा यांच्या विरहापासून ते निघते आणि खंडित महाराष्ट्राशी येऊन थांबते. तिथे न आलेल्यांची हजेरी आहे: बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव. फरक इतकाच की दबोरा न आलेल्या वंशांना बोल लावते आणि अण्णाभाऊंचा राग ज्यांनी ही गावे येऊ दिली नाहीत त्यांच्यावर आहे.

या गाण्याची तारीख कोणाला ठाऊक नसती आणि ती गाण्याच्या आतूनच काढायची असती, तर याच चार नावांना धरून निघावे लागले असते. बेळगाव आणि कारवार मुंबई राज्यातून म्हैसूरकडे गेले १ नोव्हेंबर १९५६ला. त्या दिवशी डांग आणि उंबरगाव द्विभाषिक मुंबई राज्यातच होते; डांग आणि उंबरगाव तालुक्याची गावे गुजरातकडे गेली १ मे १९६०ला. गाणे चारही नावे एका दमात दुसऱ्याच्या मालकीची म्हणून घेते. मग ते १९६०नंतरचे धरायचे, की डांग-उंबरगाव जाणार ही भीती आधीच पक्की झाली होती म्हणून १९५६चेच, की शाहीर जसजसा ठिकठिकाणी गात गेला तसतशी यादी वाढत गेली? दबोरेच्या दहा नावांवर अभ्यासक नेमके हेच तीन प्रश्न घालतात. इथे निदान उत्तर शोधायला जागा आहे: छापील पुस्तिका, ध्वनिमुद्रणे, सभांच्या बातम्या, आणि परळ-लालबागमध्ये तेव्हा मैदानात बसून हे गाणे ऐकलेली, आज नव्वदीकडे गेलेली माणसे. त्यांना कोणी अजून हे विचारलेले नसेल, तर आधी तिथे जायला हवे.